श्वासनलिकेचे अनधिकृत बांधकाम

प्राध्यापकांचे वाक्य मोडले ते भर वर्गात, आणि मोडले तेही अशा जागी, की जिथे कोणाही सुसंस्कृत माणसाचे वाक्य मोडू नये. ‘जरी’ म्हणून झाले होते, ‘तरी’पर्यंत पोचायचे होते, आणि मधल्या प्रदेशात काही पोटवाक्ये, एक अपवाद आणि त्या अपवादालाही एक अपवाद असा त्यांचा नेहमीचा मुलूख पसरलेला होता. तर्कशास्त्र शिकवण्यात हयात घालवलेल्या या गृहस्थांची ख्यातीच अशी होती, की त्यांच्या वाक्यात कोवळ्या वयात शिरलेला विद्यार्थी बाहेर पडेपर्यंत त्याला मिसरूड फुटे. त्या दिवशी मात्र अपवादाच्या अपवादापाशी त्यांची छाती आवळली, आतून एक बारीक शिट्टी निघाली आणि वाक्य तिथेच खाली बसले. वर्गाने थोडी वाट पाहिली. मग शिट्टी झाली म्हणजे खेळ संपला, या सर्वमान्य नियमाला अनुसरून विद्यार्थ्यांनी वह्या मिटल्या आणि ते शांतपणे निघून गेले.

दुखणे छातीचे होते. लागले मात्र भलतीकडेच. कारण महिन्याभरात प्राध्यापक निवृत्त व्हायचे होते आणि निवृत्त होणाऱ्याने मोठ्या सभागृहात तासभर बोलायचे, असा महाविद्यालयाचा प्रघात होता. विषय त्यांनी कधीचा राखून ठेवला होता: ‘कार्य आणि कारण’. ज्या महाविद्यालयात कार्य कोणी करत नाही आणि कारण प्रत्येकाकडे असते, तिथे या विषयाला विशेष औचित्य आहे, असे ते खाजगीत म्हणत.

वर्गातल्या शिट्टीची बातमी मधल्या सुट्टीपर्यंत विभागप्रमुखाच्या खोलीत पोचली. विभागप्रमुख हा प्राध्यापकांचाच जुना विद्यार्थी. प्रश्नोत्तरांची पुस्तके लिहून त्याने नाव कमावले होते. त्या पुस्तकांत प्रश्न त्याचे, उत्तरेही त्याचीच, आणि दोहोंच्या मध्ये विचाराला उभे राहायलासुद्धा जागा ठेवलेली नसे, असे प्राध्यापकांचे मत होते. तो आला आणि अत्यंत आदराने म्हणाला, “सर, तुम्ही दगदग करू नका. व्याख्यान लिहून द्या, मी वाचून दाखवतो. वाक्यंही थोडी सुटसुटीत करून घेतो. लोकांना सोपं जाईल.”

अपमान अपमानाच्या स्वरात आला तर त्याला उत्तर देता येते. सेवेच्या स्वरात आलेल्या अपमानापुढे पुरुषार्थ हतबल होतो. “बघू,” एवढेच प्राध्यापक म्हणाले. कारण त्याहून मोठ्या वाक्याला त्या क्षणी वारा नव्हता.

त्याच संध्याकाळी पत्नीने त्यांना दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या आणि त्यांच्या दाराबाहेर अर्धे शहर खोकत होते. त्यांनी छाती तपासली, एका नळकांड्यात जोराने फुंकर मारून घेतली, काटा जिथे थांबला तिथे पाहून भुवया उंचावल्या आणि सांगितले, “काका, दमा आहे. श्वासाच्या नळ्या आतून सुजल्यात, चिकट झाल्यात आणि बाहेरचे स्नायू त्यांना आवळतात. हे दोन इनहेलर. निळा त्रास झाला की घ्या, लगेच मोकळं वाटेल. तपकिरी रोज, सकाळ-संध्याकाळ. तो घेतला की चूळ भरायची.”

“रोज म्हणजे त्रास होईल त्या दिवशी?”

“रोज म्हणजे रोज.”

“आणि त्रास नसेल त्या दिवशी?”

“त्या दिवशीसुद्धा. नीट लक्षात ठेवा, तोच महत्त्वाचा. पुढचे कोण आहेत?”

‘काका’ हे संबोधन त्यांनी गिळले. पण स्पष्टीकरणाची ही लांबी त्यांना गिळता येईना. एखाद्या सिद्धान्ताला दोन मिनिटे! घरी आल्यावर त्यांनी जाहीर केले की जे समजले नाही ते आपण शरीरात घेणार नाही.

“लग्नात मंत्र समजले होते का?” पत्नीने विचारले.

“त्याचे परिणाम भोगतोच आहे,” प्राध्यापक म्हणाले. या विनोदाला त्यांना रात्री गार जेवण मिळाले.

पुढचे काही दिवस त्यांनी शास्त्रशुद्ध परीक्षणात घालवले. निळा इनहेलर ओढला की थोड्याच वेळात छातीवरची पकड ढिली होई, शिट्टी विरे, वाक्य पुन्हा चालू लागे. कार्य आणि कारण हातात हात घालून समोर उभे! तपकिरी ओढला, की काही म्हणजे काही होत नसे. पुन्हा ओढला, पुन्हा काही नाही. निष्कर्ष उघड होता. निळे हे औषध आणि तपकिरी ही अफवा. जगातल्या प्रत्येक भोंदूची मालमत्ता ‘हळूहळू गुण येईल’ या एका वाक्यावर उभी असते, हे ज्याने आयुष्यभर शिकवले, तो असल्या जाळ्यात सापडणार नव्हता. तपकिरी इनहेलर पुस्तकांच्या कपाटात, खंडन झालेल्या मतांच्या खणात, जाऊन बसला.

या निष्कर्षाला शेजाऱ्यांचा पाठिंबा मिळाला, ही गोष्ट खरे तर त्यांना धोक्याची सूचना वाटायला हवी होती. इमारतीत कोणाला दुखणे झाले की प्रत्येक घरातून एक उपाय आणि एक नातेवाईक पुढे येतो. समोरच्या वहिनी म्हणाल्या, “तपकिरीत स्टेरॉइड असतं भावोजी! पैलवान घेतात ते. दंड फुगतात माणसाचे.”

“फुगू देत की,” पत्नी म्हणाली. “गॅसचा सिलिंडर उचलायला तरी कोणीतरी मिळेल घरात.”

खालच्या मजल्यावरच्यांनी दूध बंद करायला सांगितले. त्यांच्या शेजारच्यांनी दूधच घ्यायला सांगितले. कोणाच्या मावसभावाचा साडू उशाशी कापलेला कांदा ठेवून बरा झाला होता. कोणाच्या आत्याने सवय लागेल म्हणून इनहेलरला हात लावला नव्हता. पुढे त्या आत्याचे काय झाले, हे विचारल्यावर सांगणाऱ्याने विषय बदलला. एका उदाहरणावरून नियम काढू नये, हे सांगायला प्राध्यापकांनी तोंड उघडले, की ते वाक्याच्या मध्यावर निळा इनहेलर काढत, आणि शेजारी म्हणत, “बघा, बोलू नका जास्त. बोलण्यानेच होतं ते.”

अखेर वरच्या मजल्यावरचे निवृत्त अभियंते आले. सगळी इमारत त्यांना ‘नटबोल्ट’ म्हणे. निवृत्तीनंतर दुरुस्त करण्यासारखे काही उरले नाही, म्हणून ते धडधाकट वस्तू दुरुस्त करत असत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “प्रोफेसर, तुम्ही ही नळी पाहिलीय का कधी?”

“कुठली?”

“श्वासाची. न पाहता मत कसं बनवता? आपण बनवू.”

प्राध्यापकांना हे इतके तर्कशुद्ध वाटले, की त्यांनी त्याच दुपारी बैठकीच्या खोलीतला गालिचा गुंडाळला.

पहिला आराखडा अगदी विनम्र होता. हातभर लांबीचा मऊ, पारदर्शक पाइप. आतून स्पंजाच्या पट्ट्या. ओटा पुसायचा तो स्पंज, कोरडा असताना पुठ्ठ्यासारखा चपटा आणि ओला झाला की टम्म फुगणारा. ही आतल्या अस्तराची सूज. अस्तरावर डिंकाचे पाणी, हा चिकटा. बाहेरून सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या रिंगा घट्ट चढवलेल्या. हे आवळणारे स्नायू. नटबोल्टांनी एका टोकाने फुंकले. पाइपातून हुबेहूब तीच बारीक शिट्टी आली. प्राध्यापकांच्या अंगावर काटा आला. ज्या शिट्टीने वर्ग सुटला होता ती इतके दिवस छातीत होती. आज ती मेजावर समोर पडली होती. त्यांनी पाइप उजेडात धरून आत पाहिले. भोक होते, पण पेन्सिल जाईल इतकेही नव्हते.

“आता हा निळा इनहेलर,” असे म्हणून नटबोल्टांनी कात्रीने रिंगा कापल्या. पाइप सैल झाला, शिट्टी मंदावली, वारा गेला. दोघांनी टाळ्या वाजवल्या.

“आणि स्पंज?” स्वयंपाकघराच्या दारातून पत्नीने विचारले.

“त्याचं काय?”

“तो फुगलेलाच आहे अजून. वारा जातोय तो कडेकडेने.”

“वहिनी, तत्त्व सिद्ध झालं,” नटबोल्ट म्हणाले. तत्त्व सिद्ध झाल्यावर स्पंजाकडे बघणे हे दोघांनाही क्षुद्रपणाचे वाटले.

इथे थांबले असते तर हा प्रयोग इतिहासजमा झाला असता. पण नटबोल्टांना रात्रभर झोप आली नाही. एका नळीने का कुठे फुफ्फुस होते? नळीला दोन फाटे हवेत, फाट्यांना फाटे हवेत, त्यांना पुन्हा फाटे. झाड उलटे टांगावे तसे. सकाळी ते जोडणीचे तुकडे पिशवीभर घेऊन आले. बैठकीच्या खोलीत उजवे फुफ्फुस मावले. डाव्याने स्वयंपाकघरात घुसायचा प्रयत्न केला आणि तिथे त्याला लाटणे दाखवण्यात आले. तेव्हा नटबोल्टांनी जिना पाहिला. मधली मोकळी पोकळी, वरून खाली सरळ. निसर्गाने जणू फुफ्फुसासाठीच राखून ठेवलेली जागा! आतून तसाच ओला स्पंज आणि डिंक लावलेली मुख्य श्वासनलिका त्यांच्या मजल्यावरून सुटली, भिंतीवरच्या पाण्याच्या पाइपाला सुतळीने बांधत बांधत खाली उतरली आणि प्राध्यापकांच्या दारापाशी तिला फाटे फुटले. टोकांना गरम पाण्याच्या दोन रबरी पिशव्या लोंबत होत्या. त्यांपैकी एक समोरच्या वहिनींची होती आणि त्यांना ते अजून माहीत नव्हते.

प्राध्यापक हरखून गेले होते. कोणी जिना चढताना दिसले की ते दारात येऊन समजावू लागत: वारा आत जाताना नळ्या थोड्या ताणल्या जातात, बाहेर येताना मिटतात, म्हणून दम्यात कोंडी होते ती बाहेर येणाऱ्या श्वासाची; माणूस हवेवाचून गुदमरतो असे नव्हे, हवा भरून गुदमरतो! हे सांगता सांगता ते निळा इनहेलर ओढत. इमारतीतले लोक मान डोलावत आणि दमा लागेल या भीतीने हात कठड्याला लागू न देता वर जात.

इमारतीच्या सेक्रेटरीबाईंनी मान डोलावली नाही. त्या आठवड्यात वरच्या टाकीला पाणी कमी चढत होते. त्यांनी फळ्यावर लिहिले: ‘जिन्यात कोणीतरी अनधिकृत नळजोडणी केली आहे. संबंधितांनी ती काढावी.’ कोणीतरी म्हणजे कोण हे सगळ्यांना ठाऊक असताना ‘कोणीतरी’ लिहिणे हा सहजीवनाचा पाया आहे. संबंधितांनी फळा वाचला, त्यातले ‘अनधिकृत’ हे विशेषण अयोग्य असल्याची टीप खाली लिहिली आणि नळ्या तशाच ठेवल्या. सेक्रेटरीबाईंनी पाणीपुरवठा खात्याला कळवले.

खात्याचे निरीक्षक आले, तेव्हा प्राध्यापक जिन्यातच होते. निरीक्षकांनी पाइप वरपासून खालपर्यंत न्याहाळला आणि विचारले, “ही लाइन कुणाची?”

“ही लाइन नाही. श्वासनलिका आहे.”

“घरगुती का व्यावसायिक?”

“मानवी.”

“म्हणजे घरगुती.” निरीक्षकांनी टिपून घेतले. “पाणी कुठनं घेतलंय?”

“यातून पाणी जात नाही हो, हवा जाते. म्हणजे जात नाही. जात नाही, हाच तर मुद्दा आहे!”

“जात नाही म्हणजे गळती आहे.”

“गळती नव्हे! सूज आहे!”

निरीक्षकांनी लिहिणे थांबवले. त्यांच्या नोकरीत लोकांनी नळ लपवले होते, नाकारले होते, पूर्वजांच्या नावावर ढकलले होते. सूज आहे असे कोणी म्हटले नव्हते. ते पत्नीकडे वळले. “बाई, साहेबांना बरं नाही का?”

“बरं नाहीच,” पत्नी म्हणाली. “पण तुम्हाला वाटतंय तसं नाही.”

“थांबा! प्रात्यक्षिक दाखवतो!” असे वरच्या कठड्यावरून नटबोल्ट ओरडले आणि त्यांनी लाकूडकामाच्या खोलीतला ब्लोअर आणून नळीच्या तोंडाला लावला. आपण कालच त्याने भुसा ओढून घेतला होता, हे त्यांच्या लक्षात राहिले नाही.

ब्लोअर सुरू झाला. भुसा, स्पंजाचा चुरा आणि जिन्याच्या सांदीकोपऱ्यांतली जुनी धूळ अशी सगळी मंडळी फाट्याफाट्यांनी खाली आली, एक रबरी पिशवी फुगत फुगत फुटली, आणि जिन्यात सगळ्यांना खोकल्याची उबळ आली. बाकीच्यांची उबळ थांबली. प्राध्यापकांची थांबली नाही. त्यांनी निळा इनहेलर ओढला, पुन्हा ओढला, तिसऱ्यांदा त्यातून नुसतीच फुस्स आली. इतक्या दिवसांच्या शास्त्रशुद्ध परीक्षणात तो संपला होता. ते पायरीवर बसले. खांदे वर चढलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर. निरीक्षक म्हणाले, “पाइप जप्त करावा लागेल.” यावर प्राध्यापकांना बोलायचे होते, नियमांच्या अर्थनिर्णयापासून सुरुवात करून बरेच बोलायचे होते. तोंडातून आले ते एवढेच: “हा... अन्याय...”

पत्नीने त्यांचा चेहरा पाहिला आणि तिचा रंग उडाला. “साहेब, तुमची गाडी आहे ना खाली?” तिने निरीक्षकांना विचारले. “पाइप घ्या, पिशव्या घ्या, आधी ह्यांना घ्या.” मग तिने आत जाऊन कपाटातला तपकिरी इनहेलर पर्समध्ये टाकला.

अशा रीतीने पाणीपुरवठा खात्याच्या गाडीत प्राध्यापक आत आणि त्यांची श्वासनलिका टपावर, अशी ती वरात दवाखान्यात पोचली.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना रांगेतून सरळ आत घेतले, तोंडावर मुखवटा चढवला, त्यातून औषधाची वाफ येऊ लागली. बोटाला चिमटा लावला. म्हणाल्या, “काका, एक अख्खं वाक्य बोलून दाखवा.”

आयुष्यात हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. आजवर लोक उलटेच सांगत आले होते. “मी... आता...” ते म्हणाले आणि श्वासासाठी थांबले.

“दोन शब्द,” डॉक्टरीणबाई नर्सला म्हणाल्या. मग पत्नीला: “एका श्वासात वाक्य पुरं होत नसेल तर आम्ही त्याला गंभीर म्हणतो.”

या निकषावर महाविद्यालयातले निम्मे सहकारी नेमणूक झाल्यापासून गंभीर होते, असे मुखवट्याच्या आत प्राध्यापकांच्या मनात आले. पण तेवढ्यात त्यांना पत्नीचा आवाज ऐकू आला. “डॉक्टर, पानभर वाक्य बोलणारा माणूस आहे हो हा. मी भाजी निवडते, ती संपते, ह्यांचं वाक्य चालूच असतं.” त्यांनी तिच्याकडे पाहिले, तर ती भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होती.

वाफ ओसरली, छातीतली गाठ सुटली. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या खिशातला निळा इनहेलर हलवून पाहिला, मग पत्नीने पुढे केलेला तपकिरी. “निळा रिकामा, तपकिरी भरलेला. काका, हे नेमकं उलटं हवं होतं. निळ्याने बरं वाटलं की तुम्हाला वाटतं बरे झालात. आत सूज वाढतच होती. सारखा सारखा निळा लागतोय, तेव्हाच माझ्याकडे यायचं.” त्यांनी थोड्या दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या, नवा निळा दिला आणि तपकिरी इनहेलरला जोडायचे एक फुगीर पारदर्शक नळकांडे दिले: औषध आधी त्यात सोडायचे, मग सावकाश ओढायचे, म्हणजे ते घशावर न बसता आतपर्यंत जाते. “आणि ते व्याख्यान?” असे पत्नीने विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “रोज घेतलं तर जमेल. पण काका सध्यासारखे वागले, तर दुसऱ्या कोणालातरी वाचायला सांगा.”

‘दुसरा कोणीतरी’ कोण, हे प्राध्यापकांना ठाऊक होते. व्याख्यानाचा मसुदा प्रघाताप्रमाणे त्याच्याकडे आधीच गेला होता; त्याने एव्हाना वाक्ये सुटसुटीत करायला घेतलीही असतील.

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ पत्नी नळकांडे घेऊन समोर उभी राही. “ओठ मिटा. ओढा. थांबा. आता चूळ.” ते ओढत होते ते पटले म्हणून नव्हे. भीतीने घेतलेल्या औषधाचा गुण श्रद्धेने घेतलेल्या औषधाइतकाच येतो, ही त्या औषधाची मोठी सोय आहे. पहिल्या दिवशी काही झाले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. प्राध्यापक रोज छातीचा कानोसा घेत आणि रोज कोर्टात साक्षीदार न आल्यासारखा चेहरा करत.

आठवडा उलटला, आणि समोरच्या वहिनींनी आपल्या रबरी पिशवीची चौकशी केली. एक फुटली होती. दुसरी त्यांचीच होती आणि खात्याच्या ताब्यात होती. प्राध्यापकांना पाणीपुरवठा कार्यालयात जावे लागले.

पहिल्या खिडकीने त्यांना दुसरीकडे पाठवले, दुसरीने पहिलीकडे. जप्त वस्तू सोडवायची तर तिचा प्रकार नोंदवायला हवा; प्रकार दोनच होते, पिण्याचे पाणी आणि सांडपाणी. श्वासनलिका यांपैकी कशात बसते यावर दोन्ही खिडक्यांत मतभेद झाला. प्राध्यापकांना, खरे तर, तो वाद ऐकायला आवडला. इतका गंभीर वर्गीकरणाचा प्रश्न त्यांच्या विभागात गेल्या कित्येक वर्षांत निघाला नव्हता. शेवटी कंटाळून त्यांनी थेट निरीक्षकांची खोली गाठली.

श्वासनलिका तिथे खिडकीपाशी, पंख्याखाली पडली होती. निरीक्षक त्यांना पाहून उठलेच. “या सर, या! तब्येत काय म्हणते? हे बघा, गंमत बघा.” त्यांनी पाइपाच्या तोंडाला तोंड लावून फुंकर मारली. दुसऱ्या टोकाला मेजावरचे कागद उडाले. “तेव्हा जात नव्हतं. आता सुळकन जातंय. जेवणाच्या सुट्टीत सगळे येऊन फुंकून बघतात.”

प्राध्यापकांनी पाइप उचलला, उजेडात धरला आणि आत पाहिले. स्पंज पुठ्ठ्यासारखा चपटा होऊन भिंतीला चिकटला होता. डिंकाचे पापुद्रे झडून खाली पडले होते. आरपार खिडकी दिसत होती, खिडकीतले आभाळसुद्धा.

“काय केलंत तुम्ही याला?”

“काही नाही केलं. पडून होतं.”

“काहीतरी केलंच असेल! विनाकारण असं होत नाही!”

“आईशप्पथ, काही नाही सर. पंखा काय तो चालू होता.”

“किती वेळ?”

“कायमच असतो. बंद करायचा हुकूम नाही.”

प्राध्यापक पाइप हातात घेऊन बाकावर बसले. रिंगा नटबोल्टांनी एका क्षणात कापल्या होत्या आणि दोघांनी टाळ्या वाजवल्या होत्या. इथे मात्र रोज, कोणी पाहत नसताना, कोणत्याही क्षणी बोट ठेवून ‘हे बघा’ म्हणता येऊ नये इतके थोडे थोडे, काहीतरी होत राहिले होते. पहिल्या दिवशी पंखा बंद करून कोणी विचारले असते, काय झाले, तर उत्तर होते: काही नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. परिणाम दिसला नाही म्हणून कारण नाही, असे एखाद्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत लिहिले असते, तर त्यांनी त्याला शून्य दिले असते, आणि शून्याखाली लाल रेघ ओढली असती. स्वतःच्या छातीच्या बाबतीत त्यांनी तेच लिहिले होते, आणि वर स्वतःला पैकीच्या पैकी दिले होते.

त्यांनी निरीक्षकांना हे सगळे समजावून सांगितले: आवळणारे स्नायू आणि सुजलेले अस्तर ही दोन वेगळी दुखणी कशी आहेत, जरी ती एकाच नळीत नांदत असली तरी एकाच्या औषधाने दुसरे कसे जात नाही, आणि जे औषध लगेच दिसते ते आपण लाडके का मानतो. निरीक्षकांनी दोनदा घड्याळाकडे पाहिले. तिसऱ्यांदा पाहिले तेव्हा प्राध्यापकांच्या ध्यानात आले की हे सगळे एकाच वाक्यात झाले होते, आणि शिट्टी वाजली नव्हती.

वहिनींची पिशवी शेवटी ‘पिण्याचे पाणी’ या सदराखाली सुटली.

व्याख्यानाच्या दिवशी सभागृह भरले होते. निवृत्त होणाऱ्याला ऐकायला लोक येतात, कारण पुन्हा ऐकावे लागणार नाही याची खात्री असते. पत्नी दुसऱ्या रांगेत होती, नटबोल्ट शेजारी, आणि पहिल्या रांगेत मधोमध विभागप्रमुख बसला होता. त्याच्या मांडीवर व्याख्यानाची टंकलिखित प्रत होती. “गरज पडलीच तर, सर,” तो आदराने म्हणाला होता. डॉक्टरीणबाईंनी सकाळी सांगितले होते, “पुष्कळ सुधारणा आहे. पण अजून पूर्ण भरून आलेलं नाही, मध्ये मध्ये थांबा.” थांबणे ही कल्पना प्राध्यापकांना मुळातच अश्लील वाटे.

त्यांनी सुरुवात केली. पहिले वाक्य सुटले ते जुन्या दिमाखात, पोटवाक्यांचा लवाजमा घेऊन, आणि मुक्कामाला पोचले. दुसरेही पोचले. तिसऱ्यात ते कार्यापासून निघून कारणाकडे परत येत असताना मध्येच त्यांना जाणवले की आता वारा पुरणार नाही. शिट्टी नव्हती, पकड नव्हती. नुसता श्वास हवा होता. खिशातल्या निळ्यावर हात गेला आणि त्याची गरज नाही हे कळून परत आला. ते थांबले. पत्नीने पर्स घट्ट धरली.

आणि विभागप्रमुख उभा राहिला.

आला ताबा घ्यायला, प्राध्यापकांच्या मनात आले. त्यांनी समोरचे कागद तळहाताखाली दाबून धरले. पण विभागप्रमुख जागचा हलला नाही. टंकलिखित प्रत त्याने खुर्चीवरच ठेवली होती.

“सर, माफ करा, मध्येच विचारतोय,” तो म्हणाला. “एक शंका आहे. तुमच्या वर्गात होतो तेव्हापासूनची. तेव्हा विचारायला फट सापडली नाही.”

श्रोत्यांत कोणीतरी हसले. विभागप्रमुख हसला नाही. त्याच्या कपाळावर घाम होता. तोंडी परीक्षेला आलेल्या मुलाच्या कपाळावर असतो तसा.

“कारण आधी घडतं आणि कार्य नंतर, हे समजलं. पण मध्ये वेळ जातो, सर. कारण होऊन गेलेलं असतं, कार्य अजून झालेलं नसतं. त्या मधल्या वेळात कारण कुठे असतं?” त्याने कपाळ पुसले. “माझ्या पुस्तकांत मी हा प्रश्न घेतला नाही. उत्तर येत नव्हतं.”

प्राध्यापकांच्या ओठांवर उत्तर आलेच होते. तीन पोटवाक्ये आणि एक अपवाद, सगळे शिस्तीत उभे. त्यांनी त्यासाठी छातीभर श्वास घेतला. तो आत गेला, फाट्याफाट्यांनी, खालपर्यंत. आणि तिथे पोचल्यावर त्यांना कळले की हे उत्तर या प्रश्नाचे नाही. या प्रश्नाचे उत्तर त्यांना ठाऊक नव्हते. तो त्यांना कधी पडलाच नव्हता.

त्यांनी श्वास सोडला. व्यासपीठावरची खुर्ची ओढून कडेला आणली, तिच्यावर बसले, आणि चष्मा काढून खाली पहिल्या रांगेकडे वाकले.

“पुन्हा सांग,” ते म्हणाले. “सावकाश सांग.”